तुम्ही विचारलंत म्हणून: मारणारा नवरा सुधारतो का?

कॅलिफोर्नियात बायकोला मारल्याबद्दल कोर्टाने प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडलेल्या पुरुषांचे सुधारणेचे गट मी घेते. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, पुण्याहून आलेल्या फोनवर एक प्रश्न ठरलेला. विचारणारी बहुधा त्याची आई नाहीतर बहीण असते. "तिथे जाऊन सुधारतात का हो?"

काही सुधारतात. सगळे नाही, आणि अभ्यासांत दिसणारा फरकही तुटपुंजाच आहे. इथला कायदा हे लपवत नाही: नवरा कार्यक्रमाला येतोय म्हणजे तो पुन्हा हात उचलणार नाही याची हमी नाही, असं बायकोला सांगावंच लागतं. मला हा नियम फार आवडतो. "जातोय ना आता क्लासला" एवढ्या भरवशावर सुनेला परत आणायची घाई आपल्याकडे फार.

कार्यक्रम 52 आठवड्यांचा, दर आठवड्याला दोन तास. पिऊन आलात तर दारातूनच परत. सुरुवातीला सगळे बायकोबद्दलच बोलतात: ती काय बोलली, तिच्या आईने तिला काय शिकवलं. सॉफ्टवेअरवाला असो की ट्रक चालवणारा, पाढा तोच. मग आम्ही एकच प्रसंग धरून बसतो. तू काय केलंस, त्यातून तुला काय हवं होतं, तिचं काय झालं, आणि नंतर पोलिसांना ते किती सौम्य करून सांगितलंस. यातच महिने जातात.

या कामाचा पाया मिनेसोटातल्या डुलुथ शहरात 1981 साली घातला गेला. 1984 मध्ये तिथे मार सोसलेल्या बायकांशी बोलून नवरा बायकोला ताब्यात कसा ठेवतो ते दाखवणारं एक चक्र काढलं गेलं. पैसे अडवणं, माणसं तोडणं, मुलांना मध्ये घालणं, धमकावणं हे त्याचे आरे, आणि मारहाण ही त्यांना बांधून ठेवणारी धाव. आपल्या लोकांसाठी मी त्यात व्हिसाही धरते. बायको एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असली की "परत पाठवीन" एवढं पुरतं.

पुढची विनंतीही ठरलेली: "दोघांना समोरासमोर बसवून समजवा ना." या कार्यक्रमात ते कायद्यानेच वर्ज्य आहे. नवऱ्यासमोर ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर भोगणार तीच. भारतात 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचं कलम 14 एकत्र समुपदेशनालाही वाव देतं. पण त्याच्या नियमांत एक अट मोलाची आहे. हिंसेचं कसलंही समर्थन इथे चालणार नाही, हे नवऱ्याला आधीच बजावायचं. पुण्याच्या फोनवर मी हे सांगते. पलीकडून हमखास येतं, "पण तीही काही कमी नाही हो."

तर, सुधारला हे ओळखायचं कसं? प्रमाणपत्रावरून हजेरी कळते. बाकीचं तिला विचारा, एकटीला गाठून, तिचा फोन त्याच्या हातात नसताना.