1 मार्चच्या आधी आलेल्यांची आई

जर्मनीत परदेशी नागरिकांच्या वास्तव्याविषयीचा जो कायदा आहे, त्यात मार्च 2024 पासून एक तरतूद नव्याने आली आहे. कुशल कर्मचारी म्हणून किंवा ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय कामाच्या परवान्यावर, येथे आलेल्या माणसाला आता आपल्या आईवडिलांना दीर्घकाळ राहण्यासाठी आणता येते, आणि जोडीदार येथेच स्थायिक असेल तर सासूसासऱ्यांनाही. मात्र त्या माणसाचा परवाना 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर प्रथमच मिळालेला असला पाहिजे. आमच्या विभागात नुकताच रुजू झालेला नाशिकचा एक मुलगा परवा जेवणाच्या सुट्टीत आईबाबांच्या अर्जाविषयी मोठ्या उत्साहाने सांगत होता. मी त्याचे तोंडभर अभिनंदन केले आणि उरलेला दिवस कोणाशी धड बोलले नाही.

मी श्टुटगार्टला या तारखेच्या कितीतरी आधी आले. माझ्यासारख्यांनी आईला आणायचे तर असाधारण हलाखी सिद्ध करावी लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने सांगलीत तीन खोल्यांच्या घरात एकटीने राहणे ही येथील कार्यालयाच्या लेखी हलाखी नव्हे. नव्या मनुष्यबळाला आकर्षित करण्यासाठी सवलत द्यायची, हा हिशेब मला समजतो. पण जे आधीच आले, भाषा शिकले आणि वर्षानुवर्षे कर भरत राहिले, त्यांना आकर्षित करण्याची गरज उरलेली नाही, म्हणून त्यांच्या आयांना बाहेर ठेवायचे, हा कोणता न्याय? माझ्या पगारातून दरमहा वृद्धसेवेच्या विम्याचा हप्ता कापला जातो. ही योजना येथे 1995 पासून आहे आणि ती उत्तम आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंकडे रोज सकाळी छोट्या पांढऱ्या गाडीतून एक परिचारिका येते, स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडते, त्यांना आंघोळ घालते, पायांत घट्ट मोजे चढवते आणि टेबलावरच्या फाइलीत वेळ लिहून सही करून निघून जाते. त्या सेवेत माझ्या हप्त्याचाही वाटा आहे. माझ्या आईला मात्र पाहुणी म्हणून 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, तेही विम्याची आणि परतीच्या तिकिटाची कागदपत्रे दाखवून.

या आजीबाईंचा मुलगा याच शहरात राहतो आणि रविवारी दुपारी केक घेऊन येतो. आईवडील वृद्धाश्रमात गेले आणि त्यांचे पैसे पुरेनासे झाले, तरी वर्षाला एक लाख युरोंपेक्षा अधिक कमावणाऱ्या मुलांनाच तो भार उचलावा लागतो, असा येथील 2020 पासूनचा नियम आहे. हे ऐकल्यावर 'आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना असे सोडत नाहीत' हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून जाते. ते खोटे नाही. माझी आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर सहा वर्षे घरीच होती, माजघरातल्या पलंगावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. वडील आणि काका दुकानातून आल्यावर आधी तिच्या उशाशी बसत, आणि तिच्या पाठीवर एकदाही जखम झाली नाही, हे गावात अभिमानाने सांगत.

ती जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी आजीला कुशीवर वळवणारी आमची काकू होती. बालवाडीतली नोकरी तिने त्याच वर्षी सोडली. आजीचे केस विंचरून झाले की ती फणी धुऊन खिडकीत वाळत ठेवी, कारण आजीला दुसऱ्या कोणाची फणी चालत नसे. आणि मग घाईघाईने सर्वांची पाने घ्यायला उठे. काकूने नोकरी का सोडली, असे आमच्या घरात कोणी विचारले नाही, कारण ते विचारण्यासारखे आहे असे कोणाला वाटलेच नाही. आईवडिलांच्या निर्वाहाविषयी आपल्याकडे 2007 साली कायदा झाला. त्यात जबाबदार अपत्ये म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. प्रत्यक्षात कोणाच्या जिवावर आजी सहा वर्षे जगली, हे आमच्या माजघराला पक्के माहीत आहे.

तरीही मी जर्मन मैत्रिणींसमोर आपल्या घरांची बाजू घेतेच आणि घेत राहीन. आजीच्या खोलीत कधी शुकशुकाट नसे, आम्ही मुले तिच्या पलंगाच्या कडेला बसून अभ्यास करत असू आणि तिला आमच्या परीक्षांच्या तारखा पाठ असत. फाइलीत सही करून जाणाऱ्या परिचारिकेला कामात कितीही निष्ठा असली, तरी हे देता येणार नाही. आणि मी दूर आहे म्हणून आईचे काही अडले आहे असेही नाही. रोजच्या व्हिडिओ कॉलवर, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर सांभाळून, तिची औषधे मी डोळ्यांसमोर घ्यायला लावते. एका गावात राहणारी किती मुले एवढे करतात?

नाशिकच्या मुलाचा उत्साहही थोडा ओसरला आहे. आईवडिलांसाठी पुरेसा आरोग्यविमा दाखवावा लागतो, सरकारी योजनेत त्या वयाच्या नवागतांना सहसा प्रवेश नाही आणि खासगी कंपन्या साठीपुढच्या माणसांसाठी फार मोठे हप्ते सांगतात. हे ऐकून मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आईला मी नियमाची हकिकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, परवानगी मिळाली असती तरी मी दिवसभर तिथे बोलले असते कोणाशी? इथे गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येते तर वाटेत चार माणसे थांबवतात." मला राग आला तो अजून गेलेला नाही, पण तो आता नेमका कोणावर आहे, हे मला सांगता येत नाही.

काकूचे गुडघे आता गेले आहेत आणि तिची दोन्ही मुले पुण्यात आहेत. तिच्यासाठी दिवसपाळीची बाई ठेवली आहे, आणि त्या बाईच्या पगाराचा निम्मा भाग मी पाठवते. चुलतभाऊ दर महिन्याला आभार मानतो. त्याने ते मानू नयेत, असे मी त्याला स्पष्ट कळवले आहे.