बी.ओ. म्हणजे जाड बाजू कानाकडे

माझ्या शिलाई मशीनच्या खणात चार चष्मे आहेत. दोन निव्वळ वाया गेलेले, तिसरा आधी बिनकामाचा आणि मग कामाचा झालेला, चौथा रोजच्या वापरातला. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस, मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार. त्यात चष्म्याचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं की मी तो खण उघडून दाखवते.

मी अमळनेरला ब्लाउज शिवते. वय ४१. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास लाल रिळाचा रंग विटका वाटायला लागला. रीळवाल्याशी भांडायच्या बेतात होते. मग एकेक डोळा झाकून पाहिलं, तर उजव्या डोळ्याला तेच रीळ लालभडक आणि डाव्याला जुन्या विटेसारखं. डोळा फिरवला की आत ठणकायचं. चार दिवसांत समोरच्याचा चेहरा धुक्यात गेला. सासूबाई म्हणाल्या, "काय व्हयनं व माय तुले?" आणि आम्ही गेलो चष्म्याच्या दुकानात. चुकलं ते इथंच.

पहिल्या दुकानात पाऊण नंबर निघाला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या दुकानात सव्वा, वर सिलिंडर. दोन्ही चष्म्यांतून धुकं जसंच्या तसं, फक्त फ्रेमीत बसवलेलं. साडेचार हजार गेले.

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड या डोळ्यावरून त्या डोळ्यावर दोन-तीनदा फिरवला, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले आणि चष्मे बाजूला ठेवले. डोळ्यामागच्या नसेला सूज होती, ऑप्टिक न्यूरायटिस. "ताई, मोटारीच्या वायरीवरचं प्लास्टिक निघालंय. नळाची तोटी बदलून पाणी येईल का?" म्हणाले. शेतकऱ्याच्या घरात एवढं पुरलं. काच किंवा भिंग डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाची दिशा बदलतं, नसेवरचं आवरण त्याने भरून येत नाही.

पुढचं एमआरआय, पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइडची सलाइन, नाशिकच्या न्यूरॉलॉजिस्टकडच्या फेऱ्या, एमएसचं निदान, हे सगळं कसं पार पडलं ते मला आता नीट आठवतही नाही. तोंडाला लोखंडी चव आणि झोपेचं खोबरं, एवढंच आठवतं. सलाइनने नजर लवकर परत येते, पण शेवटी किती येणार ते त्यावर फारसं ठरत नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन-अडीच महिन्यांत धुकं बरंचसं ओसरलं. लाल रंग मात्र त्या डोळ्याला आजही फिका दिसतो.

खरा वैताग पुढच्या होळीला सुरू झाला. सकाळी उठले तर दारात दोन सासूबाई. शेजारी शेजारी. उजवीकडे पाहिलं की दोघी आणखी लांब जायच्या, कुठलाही एक डोळा झाकला की एकच उरायची. उजवा डोळा बाहेर वळवणारी नस अडली होती. उपचार चालूच होते, पण तोवर दोन सुयांमधल्या कोणत्या सुईत दोरा घालायचा? डॉक्टरांनी सांगितलं, इथे मात्र काचेचा उपयोग आहे. साधी नव्हे, प्रिझमची, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. डोळा वळत नाही ना, मग चित्रच वळवून डोळ्यापुढे आणायचं. नस दोन-तीन महिन्यांत सुधारू शकते, म्हणून कायमची काच घासून घ्यायची नाही. चष्म्याला आतून चिकटवायची, रेघा-रेघांची पातळ प्लास्टिकची पट्टी मिळते, फ्रेनेल म्हणतात, ती लावायची. कागदावर लिहून दिलं: उजवी काच, १२ प्रिझम, बी.ओ.

दुकानदार भाऊ कागद उलटसुलट करून बघत राहिले. "प्रिझम? अँटिग्लेअर घ्या ना ताई, प्रोग्रेसिव्ह घ्या." मी म्हटलं, लिहिलंय तेच द्या. त्यांच्या ऑर्डरच्या फॉर्मवर स्फेरिकल, सिलिंडर, ॲक्सिस आणि ॲड एवढेच रकाने. प्रिझमला रकाना नाही. त्यांनी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं. कोपऱ्यातलं कोण वाचतं?

बारा दिवसांनी मुंबईहून चष्मा आला. घालून पाहिला, दुकानदार दोनच. "काचा बघा किती क्लिअर आल्यात!" क्लिअर असणारच, बिननंबरी साधी काच होती. पट्टीचा पत्ता नाही. पुन्हा फॉर्म, पुन्हा तोच कोपरा. या वेळी मी त्यांच्याच पेनाने प्रिझम या शब्दाला दोनदा गोल केला. रोज फोन केला की "गाडीत आहे ताई". कुठली गाडी कोण जाणे, भुसावळ पॅसेंजरसुद्धा एवढ्या वेळात सुरतेहून चार चकरा मारून येते. तोवर मी एका काचेवर आतून धुरकट सेलोटेप लावून काम भागवलं. दहा रुपयांत दोनाचं एक होतं, फक्त खोली कळत नाही. जिना उतरताना भिंत धरा. चहा बशीत ओतायला दुसऱ्याला सांगा. स्कूटी तर नकोच.

सोळा दिवसांनी पट्टी आली. भाऊंनी ती कापून चिकटवली, फिटिंगचे दोनशे घेतले. चष्मा घातला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दोन माणसं आता चार हात लांब गेली. मला वाटलं, आजार वाढला. घरी येऊन रडले, रात्रभर जागी राहिले, सकाळी सात वाजता डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चष्म्याचा फोटो मागवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: उलटी बसवलीय. बी.ओ. म्हणजे बेस आउट, प्रिझमची जाड बाजू कानाकडे. ती नाकाकडे होती.

मी वीस वर्षं कापडाचं उलटं-सुलटं बघत आलेय. आमच्याकडे बाही उलटी लावली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. पट्टी पाण्यानेच चिकटते, म्हणून डॉक्टरांना विचारून वाटीत कोमट पाणी घेतलं, ती सोडवली, गोल फ्रेम असल्याने अर्धी फिरवून बसवली, कडेला राहिलेला तुकडा कात्रीने छाटला. बोटाने आतले बुडबुडे काढले. चष्मा घातला आणि सासूबाई एकच दिसल्या. थोड्या पुसट, कारण या पट्टीने जरा धूसर दिसतंच. पण एकच!

दुकान सोडण्याआधी एवढं करा: डावा डोळा झाका, उजवीकडच्या पट्टीतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काचेतली कड नाकाकडे सरकलेली दिसली तर बी.ओ. बरोबर बसलंय. कानाकडे सरकली तर पैसे देऊ नका.

आणखी एक राहिलंच. पहिल्याच आठवड्यात मेडिकलवाल्याने स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. घेतल्या नाहीत हे बरं झालं. अमेरिकेतल्या १९९२च्या मोठ्या चाचणीत नुसत्या गोळ्यांनी नसेची सूज पुन्हा येण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आणि सुईच्या भोकाची युक्ती, जी मला साडेचार हजार आधी कळायला हवी होती. जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. स्पष्ट दिसलं तर बहुधा नंबरचं काम आहे. धुकं तसंच राहिलं तर चष्म्याच्या नव्हे, डॉक्टरांच्या दारात जा. चौथा चष्मा माझा नंबरचाच निघाला, जवळचा, सव्वा नंबर. चाळिशीचा आहे, एमएसचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तो झकास चालतो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा बाजारातून आले की डावा डोळा पुन्हा अंधुक होतो. पहिल्यांदा घाबरले होते. कूलरसमोर ओला रुमाल घेऊन बसलं की तासाभरात नजर परत येते. उष्णतेने खराब झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत, याला उथॉफ म्हणतात. त्यासाठी चष्म्याचा नंबर काढायला धावू नका, तेव्हा तो चुकीचाच निघेल. दिवसभर धुकं उतरलंच नाही तर मात्र डॉक्टरांना कळवा.

तीन महिन्यांनी डोळा सुधारला, १२ची पट्टी काढून ६ची लावायची ठरली. गावात दुसरं कुणी ऑर्डर घेईना, म्हणून त्याच दुकानात गेले. या वेळी डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात मराठीत लिहून आणलं होतं, बाणासकट: जाड बाजू कानाकडे. भाऊंनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं पहिल्यांदाच लिहून आणायचं होतं ना, ताई."