भिंत ढकलली, कार्य शून्य. मग दमछाक कशाची?

भिंतीवर 300 न्यूटन जोर लावला आणि ती जागची हलली नाही, तर विस्थापन (जागेतला बदल) शून्य. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे जोर गुणिले विस्थापन, म्हणून भिंतीवर झालेलं कार्य 0 ज्यूल. (भिंत केसभरही दबत नाही असं नाही, पण ते सोडून देऊ.) मग घाम का फुटतो? ताण टिकवायला स्नायूंतले मायोसिन या प्रथिनाचे तंतू ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना सतत धरतात, ओढतात, सोडतात. दर फेरीला एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्ची पडतो. ती ऊर्जा भिंतीत जात नाही, तिची अंगातच उष्णता होते. टेबल मात्र पुस्तक फुकटात पेलून धरतं.

अडकलेल्या मोटरचंही तेच. 12 व्होल्टची डीसी मोटर, गुंडाळीचा रोध 2 ओहम: फिरणं थांबलं की बॅक ईएमएफ (मोटर फिरताना तिच्यातच तयार होणारं, प्रवाहाला विरोध करणारं व्होल्टेज) शून्य, प्रवाह थेट 6 अँपिअर आणि 72 वॅट निव्वळ उष्णता. गुंडाळी जळते ती यामुळे. आधी स्विच बंद करा, मग अडकलेलं सोडवा.