चिपी ते गोंदिया, दुपारी साडेतीनला

डिसेंबरचा मध्य. आम्ही भाड्यानं छोटी विमानं चालवतो. चाकणच्या एका कारखान्याकडून चार्टरची, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं घेण्याची, मागणी आली: सहा जण सिंधुदुर्गातल्या चिपीहून दुपारी साडेतीनला निघणार, गोंदियाच्या बिरसी विमानतळावर उतरणार, तासाभराचं काम आटोपून रात्री पुण्यात. सोबत वेबसाइटचा हिशेब: ९४० किलोमीटर, १ तास ४० मिनिटं. "थोडं इकडेतिकडे झालं तरी सहापर्यंत उजेड असतोच की," असं वर फोनवर ऐकवलं.

अंतर बरोबर होतं. आमचंही ५०७ नॉटिकल मैल (विमानांसाठी वापरतात तो मैल, पुढेही तोच) आलं; गुणिले १.८५२, म्हणजे ९४० किलोमीटरच. (नवखे इथे हमखास घसरतात. बिरसीचा अक्षांश २१ अंश ३१ मिनिटं म्हणजे २१.३१ नव्हे, २१.५२. तेवढ्यानं विमानतळ तेवीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो.)

वेळ मात्र जेटची होती. अशा साइट ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग धरतात आणि वर अर्धा तास टाकतात. आमचं विमान किंग एअर बी-२००. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं, जेटपेक्षा हळू; वेग २६० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल). ठरलेल्या मार्गानं ५०७चे ५३० मैल झाले. वारा पश्चिमेचा, ४० नॉट. पण जायचं ईशान्येला, त्यामुळे पाठीला लागले ३०च. २९० नॉटनं १ तास ५० मिनिटं. इंजिन सुरू करणं, टॅक्सी, चढतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचा फेरा, यांची वीस. साडेतीनला निघून पाच-चाळीस.

आणि बिरसीचा सूर्यास्त त्या दिवशी ५:२९चा! पुण्यात सहा, चिपीत सहा-सहा. रेखांशात पावणेसात अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली सत्तावीस. उत्तरेकडच्या हिवाळ्यातल्या लहान दिवसाची आणखी दहा. आम्हाला मिळालेले वॉच अवर्स, म्हणजे विमानतळ सुरू असण्याची वेळ, सूर्यास्तापर्यंतचेच. ते वाढवून घ्यायचे तर आधी अर्ज, मंजुरी आणि वेगळे पैसे.

इंधनाचा पेच निराळा. या विमानाच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर सहा माणसं आणि सामान यांच्यासाठी पुरेसं वजन उरत नाही. कमाल वजन ५,६७० किलो. सहा प्रवासी आणि सामान घेऊन जे इंधन बसतं त्यात बिरसी, तिथे उतरता आलं नाही तर ७४ मैलांवरचं पर्यायी नागपूर आणि अर्ध्या तासाची राखीव एवढं भागतं. बिरसीहून पुणे आणखी ४०० मैल, तेही वारा अंगावर घेऊन, त्यात बसत नाही. लहान विमानतळावर एटीएफ (विमानाचं इंधन) मिळेल हे गृहीत धरून आम्ही आखणी करत नाही.

निघायची वेळ अडीचवर आणली. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर नव्या वेळेनं घेतले. विमान चार-चाळीसला बिरसीला टेकलं, माणसं उतरवून पाचच्या सुमारास रिकामंच नागपूरला इंधनासाठी गेलं. प्रवाशांचा मुक्काम गोंदियात. त्यांना सकाळी आणण्याच्या फेरीवरून कारखान्यानं बिलाची घासाघीस केली ती केलीच.