उचलून आणलेली माणसं

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला कोणी नुसतं अपशिंगे म्हणत नाही, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. महायुद्धाच्या दगडी पाट्या देशावर आणि कोकणात इतरही बऱ्याच गावांत दिसतात, आणि मजकूर बहुतेक ठरलेला असतो: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.

अशी पाटी दिसली की मी वजाबाकी करते. जे उरतात ते घरी आले. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत २५ लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांतली ८७ हजारांवर गेली. म्हणजे २४ लाख माणसं बूट काढून पुन्हा शेतात उतरली, गिरणीत लागली, एसटीवर, तालुक्याच्या कचेरीत चिकटली. गेलेल्यांच्या पुढे आपण मान झुकवतो, झुकवायलाच हवी. परत आलेल्यांचं काय करायचं हे मात्र आपल्याला नीटसं कळलेलं नाही, असं मला फार दिवस वाटतंय.

माझे चुलते, आमचे नाना, परत आलेल्यांपैकी. १९७१ ला ते पहिल्या मराठा पलटणीत होते. जंगी पलटण. नानांना अजून कोणी 'मराठा बटालियन' म्हटलं तर ते दुरुस्ती करतात. पलटणीत ते बँडवाले. बेळगावला रिक्रूट असतानाच उस्तादाने फुंकर बघून त्यांना क्लॅरिनेट हातात दिली. गावात याची टिंगल व्हायची. "नाना लढाईत वाजवत होते" असं पारावर बसलेली माणसं म्हणायची, आणि लहानपणी आम्हीही त्यात हसलो असू. नाना कधी काही बोलले नाहीत.

गावाला माहीत नव्हतं ते असं की लढाई लागली की वाद्यं पेटीत जातात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. ही फौजेतली जुनी रीत. जखमीला गोळीबारातून उचलायचं, आर.ए.पी. म्हणजे पलटणीच्या डॉक्टरच्या ठाण्यापर्यंत पोचवायचं आणि परत पुढे जायचं, हे त्यांचं काम.

मी पुण्यात नर्स आहे. पलंगावरून ट्रॉलीवर एक पेशंट घ्यायचा तर चौघं लागतात, सपाट फरशीवर, दिवे लावून. म्हणून नानांना मी जे विचारलं ते कदाचित दुसऱ्या कोणी विचारलं नसतं. मी विचारलं, "नाना, अंधारात बांध कसा ओलांडायचात?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून पडवीत मला चालून दाखवलं.

"पाऊल मोडायचं," ते म्हणाले. "बँडात वरसानुवरसं पाऊल मिळवून चालायला शिकवल्यालं. कदमताल. आन् हितं उलटं. पुढच्यानं डावा टाकला की मागच्यानं उजवा. पाऊल मिळालं की स्ट्रेचर झुलतंय, आन् झुललं की तो वरडतोय."

जमालपूर ब्रह्मपुत्रेच्या काठावर आहे, आताच्या बांगलादेशात. तिथे पाकिस्तानची बलूच पलटण दबा धरून होती. आपल्या ब्रिगेडने नदी ओलांडून शहराला वळसा घातला आणि जंगी पलटण दक्षिणेला, टांगाईल-ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर आडवी बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांतला, एक माणूस जीव मुठीत घेऊन ती घेऊन गेला. उत्तर आलं त्यात कागदाबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. ही गोष्ट सगळ्या पुस्तकांत आहे. नाना म्हणतात, ती गोळी त्यांनी पाहिली नाही, पण संध्याकाळपर्यंत लंगरपासून शेवटच्या खंदकापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की आज रात्री ते येणार.

१० डिसेंबरच्या रात्री ते आले. वेढा फोडून ढाक्याकडे निसटायला म्हणून थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. सकाळपर्यंत ते संपलं, जमालपूर पडलं.

लढाईचं नानांचं वर्णन एवढंच. मला त्यात सगळ्यात जास्त ऐकायला मिळालं ते धानाच्या शेतांबद्दल. कापणी झालेली, खाली खुंट, वर दव. बूट घसरायचे. बांधावर चढताना जखमीचं डोकं पुढे ठेवायचं, उतरताना पाय पुढे, नाहीतर रक्त डोक्याकडे येतं आणि माणूस घाबरतो. पट्टी आवळून बांधली तर बांधल्याची वेळ कपाळावर लिहायची, म्हणजे डॉक्टरला कळतं. लिहायला पेन्सिल नसली तर काय करायचात, मी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. कशात बुडवून ते मी विचारलं नाही.

"दोन्ही हात आडकल्यालं आसत्यात गं. गोळी आली तर खाली ठिवून पळता येत न्हाय. आन् रायफल पाठीला, ती काय कामाची?"

उजाडल्यावर त्यांनी बलूच जखमीही उचलले. हे त्यांनी मधेच, पाणी पिता पिता सांगितलं. आधी आपले, मग त्यांचे, असाच हुकूम होता का, असं मी विचारल्यावर म्हणाले, हुकूम कोण कशाला देईल, माणूस कण्हत होता.

नानांच्या पलटणीची ही जुनी गोष्ट आहे, आणि मला वाटतं गावातल्या प्रत्येक शाळेत ती सांगायला हवी. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव याच पलटणीचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. जाधव कंपनीचे रनर होते, निरोप नेणारे. नदी ओलांडताना त्यांची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. जाधवांनी आधी काय केलं? एक जखमी उचलला, खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन ठेवला. मग परत जाऊन दुसरा आणला. दोन्ही वेळा उखळी तोफा आणि मशीनगन सुरू होत्या. त्यानंतर ते वळले. एका मशीनगनच्या ठाण्यावर टॉमीगन घेऊन तुटून पडले, हाताला गोळी लागली, बंदूक टाकावी लागली, म्हणून पुढची दोन ठाणी हातगोळ्यांनी गप्प केली. हातगोळे संपले तेव्हा रांगत जाऊन आणखी आणले. शेवटी काठावर उघड्यावर उभे राहून 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी ठोकत मागच्या कंपन्यांना बोलावून घेतलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. ते घरी आले आणि १९८४ पर्यंत जगले.

त्यांच्याच रेजिमेंटचे, रायगडातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. तेही इटलीत, जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात. सेक्शनमधले सगळे पडले, एकटे उरले, तरी मशीनगनवर गेले, गोळ्या भरायला सवड मिळाली नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि लपलेल्या स्नायपरांच्या गोळ्यांनी गेले. वय २२. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. हे वाचून मला फार बरं वाटलं. इतक्या दूरच्या गावाने पळसगावचं पोर आपलं मानलं.

घाडग्यांची पलटण पुढे छत्रीधारी झाली, दुसरी पॅरा. डिसेंबर ७१ मध्ये टांगाईलला विमानातून उतरली ती हीच, आणि पुंगलीच्या पुलावर तिला येऊन मिळाली ती जाधवांची जंगी पलटण. त्यात आमचे नाना स्ट्रेचर खांद्यावर घेऊन. ही सांधेजोड मला कळली त्या रात्री मी किती तरी वेळ जागी होते.

आणि परत आलेल्यांचं पुढे काय होतं? सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पदकाचा फोटो आपण पाहतो, पण त्या गोळ्यांनंतर पेटकरांनाही कुणीतरी उचललं असणारच. त्या हातांची नोंद कुठे सापडणार? खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून जायबंदी जवानांना हुन्नर शिकवणारी. तिथेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, व्हीलचेअरवरच्या जवानांचं. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. पुणेकर या रस्त्यांवरून रोज जातात. तिथली माणसं कुणाच्या तरी खांद्यावरून आलेली आहेत.

दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. निवेदकाने 'शत्रूला कंठस्नान घालणारे' म्हणून नानांना पुढे बोलावलं. एका पोराने मोठ्याने विचारलं, "आजोबा, किती मारले?" सगळे टाळ्या वाजवायला लागले. नाना नमस्कार करून खाली बसले. घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून काकूच्या हातात दिली आणि शेतावर निघून गेले. त्या पोराचा मला राग आला नाही. त्याला दुसरा प्रश्न आपण कधी शिकवलाच नाही.

म्हणून पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना भेटले आणि नानांसाठी अर्धा तास मागितला. ते लगेच हो म्हणाले, त्यांचे आभार. नाना दोन वेळू आणि एक घोंगडी घेऊन गेले. घोंगडीच्या दोन्ही कडा वेळूंवर गुंडाळून स्ट्रेचर कसं करायचं ते दाखवलं. दहावीची चार दांडगी पोरं निवडली, पाचवा वर झोपवला. झेंड्यापासून फाटकापर्यंत न्यायचा. पोरं हसत निघाली. पाऊल मिळालं, घोंगडी झुलायला लागली, वरचा ओरडला. नाना बाजूने चालत होते: "मोडा पाऊल, मोडा!" अर्ध्या मैदानात एकाची मूठ सुटली. फाटकाशी पोचेपर्यंत चौघांचे हात थरथरत होते आणि मैदानात कुणी हसत नव्हतं. मग नाना म्हणाले, आता हे रात्री, चिखलात, दोन मैल. आणि परत यायचं, दुसऱ्याला आणायला.

त्यानंतर पोरांनी जे प्रश्न विचारले ते मी वहीत उतरवून घेतले आहेत. जखमी माणूस काय बोलायचा? पाणी मागितलं तर द्यायचं का? (पोटात गोळी असेल तर नाही, फक्त ओठ ओले करायचे. नानांचं उत्तर आजही बरोबर आहे.) तुम्हाला भीती वाटली का? वाटली, नाना म्हणाले, पहिल्या फेरीला नाही, दुसऱ्या फेरीला, कारण तेव्हा वाट माहीत झाली होती.

तुमच्या घरात, भावकीत, सोसायटीत असं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. ६२ ची माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, ६५ आणि ७१ ची मागोमाग. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदपुस्तक, काढायला सांगा, त्यात पलटण, ट्रेड, तारखा सगळं असतं आणि तिथून बोलणं आपोआप सुरू होतं. पदकांबद्दल नंतर विचारा. आधी विचारा काम काय होतं, जेवण कुठून यायचं, ओझं किती असायचं, पत्र कोण लिहून द्यायचं. ड्रायव्हर होते, लंगरी होते, खेचरवाले होते, तारा ओढणारे होते. प्रत्येकाच्या हातात लढाईचा एकेक तुकडा आहे.

आणि एक विचारणा नानांच्या वतीने. त्या रात्री दुसऱ्या फेरीत त्यांनी आणलेला एक जवान कोल्हापूरकडच्या बोलीचा होता, डाव्या मांडीत गोळी, सगळ्या वाटेत घरच्या म्हशीबद्दल बोलत होता, ती गाभण होती म्हणून. त्याला नदीपलीकडे नेण्यासाठी नावेत ठेवला, पुढचं नानांना माहीत नाही. नाव विचारायचं राहिलं. तुमच्या घरी ही गोष्ट कोणी सांगितली असेल तर खाली लिहा, मी नानांना वाचून दाखवीन.