साथीच्या गिटारी

२ डिसेंबर, रात्री

पॅरिसच्या ‘एकोल नॉर्माल द म्युझिक’ या संगीत विद्यालयात १९३४ साली आजच्याच तारखेला पाच जणांच्या एका नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम झाला. ‘हॉट क्लब द फ्रान्स’ या जॅझरसिकांच्या मंडळाचे पंचक म्हणून पुढे तो जगभर ओळखला गेला. संध्याकाळचा रियाज आटोपल्यावर आज त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास, एवढीच वाद्ये. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोनही नाही. ज्या वाद्यांशिवाय त्या काळी जॅझची कल्पनाच कोणी करत नसे, त्यांपैकी एकही या पाच जणांकडे नव्हते आणि तरीही लय अशी घट्ट धरलेली आहे की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो.

माझे शिक्षण तबल्याचे आणि उभी हयात साथीची. त्यामुळे कोणतीही मैफल ऐकताना कान आधी मागे बसलेल्यांकडे जातात. या पंचकाची कथा नेहमी गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली या दोघांची म्हणून सांगितली जाते, आणि त्या दोघांचे मोठेपण वादातीत आहे. पण हा वृंद जन्माला आला आणि नावारूपाला आला तो साथीविषयीच्या एका आग्रहामुळे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबेर्शी गावी, मानूश रोमा या भटक्या जमातीच्या कुटुंबात, फिरत्या गाडीत झाला. पॅरिसच्या वेशीबाहेरच्या वस्तीत तो वाढला आणि कोवळ्या वयातच बाल-म्युझेत म्हणजे अ‍ॅकॉर्डियनवरच्या लोकप्रिय नाचांच्या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या मागे बसून बँजो वाजवू लागला. म्हणजे ज्याच्या एकल वादनाला जगाने डोक्यावर घेतले, तोही आधी साथीदारच होता. १९२८ च्या नोव्हेंबरात त्याच्या गाडीला आग लागली. विक्रीसाठी त्याची बायको सेल्युलॉइडची, म्हणजे झटकन पेटणाऱ्या प्लॅस्टिकची, फुले तयार करत असे; त्या फुलांनी पेट घेतला, आणि जँगोच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने काय करून दाखवले याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून त्यात मी शिरत नाही. त्यानंतर १९३१ साली तुलाँ शहरात एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकवल्या, आणि जँगोच्या वादनाची दिशा ठरली.

ग्रापेलीची वाट निराळी होती. आई लहानपणीच गेली, काही काळ अनाथालयात काढला, मग पोटासाठी रस्त्यांवर व्हायोलिन आणि मूकपटांच्या थिएटरांत पियानो. १९३४ साली हे दोघे शाँझेलिझेवरच्या क्लॅरिज हॉटेलात, लुई व्होलाच्या वाद्यवृंदात, चहाच्या वेळच्या नाचांना वाजवत होते. एके दिवशी ग्रापेलीच्या व्हायोलिनची तार तुटली. पडद्यामागे नवी तार चढवून ती जुळवत असताना त्याने एक धून छेडली आणि जँगोने गिटारीवर तिला साथ दिली. त्या दिवसापासून सुट्टीच्या वेळात दोघे आतल्या खोलीत वाजवू लागले. व्होला बास घेऊन त्यांना सामील झाला, आणि साथीला एक गिटारही आली.

तिसरी गिटार कशी आली, हे मला साऱ्या कथेतले सर्वांत मोलाचे पान वाटते. जँगोची तक्रार होती, असे सांगतात, की ग्रापेली एकटा वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात आणि माझी पाळी आली की एकच उरते, हे काही बरोबर नाही. मग जँगोचा धाकटा भाऊ जोसेफ आणि रॉजे शापू असे दोघेही साथीला बसू लागले. एरवी एवढ्या लहान वृंदात दोन गिटारी एकच काम करताना पाहून कोणीही एक कमी करण्याचा सल्ला दिला असता. पण आपल्यामागची लय एका हाताने पेलणार नाही हे जँगोला कळत होते, कारण स्वतः मागे बसण्याची वर्षे त्याने भोगली होती.

त्या लयीला ‘ला पोंप’ म्हणतात. मी आज एक मुद्रिका निम्म्या वेगाने लावून फक्त तेवढेच ऐकले. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला हात जाड तारांवर हलका पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मनगट सगळ्या तारांवरून झटक्यात खाली येते, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे आपला दाब सैल करतात. त्यामुळे सूर विझतो आणि केवळ आघात कानावर राहतो. खुल्या बोलामागून बंद बोल, असे आम्ही म्हटले असते. शिवाय मात्रेच्या किंचित आधी खालून वर जाणारा एक निसटता हात असतो, जो सरळ वेगात जाणवतो पण मोजता येत नाही. पट्टीचा वादक खांद्यातून जोर काढत नाही. मनगट ढिले ठेवतो, म्हणूनच रात्रभर टिकतो. खाली बास पहिली-तिसरी मात्रा सांभाळतो, आणि चार हातांतून एक अख्खा ड्रम उभा राहतो.

सुरुवातीला एका कंपनीने त्यांचे नमुन्याचे मुद्रण ऐकून ते फारच आधुनिक आहे म्हणून परत पाठवले. मात्र हॉट क्लबच्या पिएर नूरी आणि शार्ल दलोने या तरुणांनी पाठपुरावा सोडला नाही. त्या पहिल्या कार्यक्रमानंतर महिन्याभरातच अल्ट्राफोन कंपनीने त्यांच्या पहिल्या तबकड्या मुद्रित केल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत आणि कोठे चूक झाली तर अख्खा तुकडा पुन्हा वाजवावा लागे. अशा वेळी पहिल्या सुरापासून लय बसलेली असणे किती गरजेचे असते, ते साथीला बसणाऱ्यालाच ठाऊक.

कॅबरेतली परीक्षा आणखी कठीण होती. १९३७ साली गायिका अ‍ॅडलेड हॉल हिने मोंमार्त्रमध्ये ‘ला ग्रोस पोम’ हे नाइटक्लब काढले आणि या पंचकाला तिथे नेमले. लोक जेवत आहेत, बोलत आहेत, पेले वाजत आहेत आणि गिटारींना विजेचा आधार नाही. इथे सेल्मर कंपनीची, मारिओ माकाफेर्रीने आखलेली गिटार कामी आली. तिचा आवाज कोरडा आणि धारदार असतो, गर्दीला कापत पुढे जातो. एकट्याने ऐकायला ती मला फारशी गोड वाटत नाही. तीन एकत्र वाजतात तेव्हा मात्र तिच्या स्वभावाचा अर्थ लागतो. पुढे इंग्लंडचे दौरे झाले, बेनी कार्टर आणि कोलमन हॉकिन्स यांच्यासारखे अमेरिकन जॅझवादक जँगो-ग्रापेलींबरोबर मुद्रण करून गेले. मागच्या खुर्च्यांवर बारो फेरे, युजेन व्हे असे वादक येत-जात राहिले, पण ठेका तोच राहिला.

जँगोला स्वरलिपी येत नव्हती. सुचलेले तो वाजवून दाखवी आणि लिहून घेण्याचे काम दुसऱ्याकडे, बरेचदा ग्रापेलीकडे, जाई. हे वाचताना मला आपल्या मुंबईच्या स्टुडिओंतले गोव्याचे वादक हटकून आठवतात. सी. रामचंद्रांच्या चालींवर चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनच्या चालींवर सेबॅस्टियन डिसूझा. चाल एकाची, तिला वाद्यवृंदात उतरवणारा हात दुसऱ्याचा. या दुसऱ्या हाताची नावे आपणही अलीकडेच नीट घ्यायला लागलो आहोत.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा वृंद लंडनमध्ये होता. जँगो तडकाफडकी पॅरिसला परतला आणि ग्रापेली तिकडेच राहिला. नाझींनी लाखो रोमांना ठार मारले त्या वर्षांत जँगो व्याप्त पॅरिसमध्ये वाजवत राहिला आणि वाचला. त्याच्या नव्या पंचकात व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आणि जोडीला ड्रम आला. ‘न्वाज’ ही त्याची सर्वांत लोकप्रिय रचना त्याच काळातली, १९४० सालची, आणि ती सुंदरच आहे. पण ड्रम आल्याबरोबर मागच्या गिटारीवरची जबाबदारी हलकी झाली, आणि ते मला ऐकू येते. १९४६ साली लंडनमध्ये ग्रापेली आणि जँगो पुन्हा एकत्र मुद्रणाला बसले तेव्हा ड्रम नव्हता. साथीला दोन इंग्रज गिटारवादक आणि जमैकाहून आलेला बासवादक कोलरिज गुड होता. ती मुद्रिका मी उद्या हळू वेगाने ऐकणार आहे.

१६ मे १९५३ रोजी पॅरिसजवळच्या सामवा-स्यूर-सेन गावी घराबाहेर कोसळून जँगो वारला. त्या गावी त्याच्या नावाचा महोत्सव पुढे भरू लागला आणि मानूश कुटुंबे गाड्या घेऊन तिथे येऊ लागली. त्यांच्या घरांत मुलाच्या हाती गिटार दिली की आधी ‘ला पोंप’ शिकवतात. थोरल्यांच्या मागे बसून ती नीट सांभाळता आली की मगच त्याला पुढचे वाजवू देतात.