आमची वाटचाल : एक संथ चिप आणि दोन डायोड

१४ वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही पहिलं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणारा पायाने चालवायचा डबा, विकलं, तेव्हा कंपनी म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि आईच्या शिलाई मशीनचं टेबल. दिवसा पसोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणायचे, रात्री सोल्डरिंग करायचं.

गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, ही कल्पना मुळात एका बिघाडातून आली. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि बासचा आवाज फाटका, गुरगुरणारा आला. तो तसाच ठेवला गेला, गाणं १९६१ साली गाजलं. मग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. त्यात जर्मेनियम या अर्धवाहकाचे ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारे भाग, होते.

आमचं पहिलं पेडलही जर्मेनियमचंच. हिवाळ्यात सुंदर वाजायचं. मे महिन्यात एका उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात मात्र सूर मध्येच तुटायला लागले. जर्मेनियम तापलं की त्यातून गळणारा करंट वाढतो आणि सर्किटचा तोल जातो. विकलेली अकराही पेडल्स आम्ही परत घेतली, पैसे दिले. ते वर्ष फार जड गेलं.

मग ऑप-अँप ही सिग्नल वाढवणारी चिप आणि डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, यांच्याकडे वळलो. चिप गिटारचा सिग्नल खूप मोठा करते आणि ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलेली शिखरं डायोड छाटून टाकतात. जर्मेनियम डायोड साधारण ०.३ व्होल्टला छाटतो, सिलिकॉन ०.६ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या. म्हणून एलईडी लावला की आवाज मोठा आणि मोकळा येतो. बहिणीने डायोड पटापट बदलता येतील असा सॉकेटवाला बोर्ड केला आणि आमची अख्खी दिवाळी त्यावर गेली.

पण ज्या आवाजामागे मी होतो तो डायोडमध्ये नव्हताच. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या प्रोको कंपनीत स्कॉट बर्नहॅम यांनी १९७८ च्या सुमारास रॅट नावाचं डिस्टॉर्शन पेडल घडवलं. त्यात एलएम३०८ ही चिप आहे, आणि ती संथ आहे. तिचं आउटपुट एका मायक्रोसेकंदात फक्त ०.३ व्होल्ट सरकतं. ९ व्होल्टचं अंतर कापायला तिला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात; टीएल०७१ या वेगवान चिपला एकही लागत नाही. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो नॉब, पूर्ण उघडला की चिप सिग्नलच्या मागे पडते, तरंगांच्या कडा तिरप्या होतात आणि वरची कर्कश किनार आपोआप बोथट होते. रॅटचा तो जाड, घोगरा आवाज बराचसा इथून येतो. हे ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा दिसलं, त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही.

एलएम३०८ चं उत्पादन तोवर थांबलं होतं. एका विक्रेत्याकडून शंभर चिप्स मागवल्या. छपाई अगदी बरोबर, आवाज मात्र चिरका. चौकोनी तरंग देऊन पाहिलं तर कडा उभ्याच्या उभ्या. दुसरीच कुठलीतरी वेगवान चिप घासून तिच्यावर नवं नाव छापलेलं होतं. पैसे बुडाले. तेव्हापासून आलेली प्रत्येक चिप आम्ही स्कोपवर तपासतो, अपवाद नाही.

शेवटी ओपी०७ ही चिप घेतली. तिचा वेगही ०.३ च, आणि पुढे खुद्द रॅटमध्येही तीच आली. कान लावून ऐकलं तर दोन्ही चिप्समधला फरक जाणवतो, असं माझं मत आहे. बहिणीला जाणवत नाही. टोनचा नॉब आम्ही रॅटच्या फिल्टरसारखाच ठेवला, उजवीकडे फिरवला की तीक्ष्णपणा कमी होतो. नवे ग्राहक गोंधळतात, म्हणून प्रत्येक खोक्यात मराठीत एक चिठ्ठी घालतो.

पेडलचा डबा आधी भोसरीत पत्रा वाकवून घेतलेला, आता ओतीव अॅल्युमिनियमचा. उलट्या पोलॅरिटीच्या अॅडॉप्टरने पेडल जळू नये म्हणून एक डायोड वाढवला, तोही दुरुस्तीला आलेल्या पेडल्सनी शिकवलं म्हणून.

खऱ्या एलएम३०८ आमच्याकडे चाळीसेक आहेत. त्या नव्या पेडलमध्ये घालत नाही. कुणाचं जुनं रॅट बंद पडून आमच्याकडे आलं, तर त्याच्यासाठी त्या जपून ठेवल्या आहेत.